झेंडावंदन झाल्यावर शाळा लगेच बंद करू नका : कोल्हापुरातल्या मुख्याध्यापकांना आणि शाळा समित्यांना खुलं पत्र

कोल्हापूर शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापन समितीतले सगळे पालक,

नमस्कार.

मी राजारामपुरीत राहतो, विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की सुतारकाम करतो. पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून. माझ्यासारखी अजून सहासात माणसं आहेत, एकजण बँकेत आहे, एक ताई गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहेत, एक काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, एक फिजिओथेरपिस्ट आणि दोन इंजिनिअरिंगची पोरं. आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे तिथं आम्ही जमतो. रजिस्ट्रेशन वगैरे काही नाही, व्हॉट्सॲप ग्रुप आहे तेवढाच.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल तरी चालेल. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की साडेनऊला शाळेचं गेट बंद करू नका. शाळेच्या मागं किंवा जिन्याखाली मोडक्या बेंचांची जी खोली असते ना, ती उघडा, आणि दुपारी दोनपर्यंत आम्हाला तिथं मुलांना घेऊन काम करू द्या. अवजारं आमची, फेव्हिकॉल, स्क्रू, पॉलिश पेपर सगळं आमचं.

आता हे का मागतोय ते सविस्तर लिहितो.

आमचा १५ ऑगस्ट पूर्वी कसा जायचा ते सांगतो. सकाळी सोसायटीत झेंडा, मग कोपऱ्यावरच्या स्टॉलवर जिलेबीच्या लाईनीत उभारायचं, कारण कोल्हापुरात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला घरात जिलेबी आली नाही असं होत नाही, आणि मग जिलेबीची पिशवी घेऊन सगळे शेडवर. बाहेर पाऊस. ऑगस्टमध्ये लाकडाचं बारीक काम करायला आम्हाला नको वाटतं कारण लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं, माझ्याकडं लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर आहे, जी सागाची फळी एप्रिलमध्ये ९-१० टक्के दाखवते तीच ऑगस्टमध्ये १६ टक्के दाखवते. त्या दिवशी ड्रॉवर घट्ट मापात बसवला तर उन्हाळ्यात तो खुळखुळणार, आणि उन्हाळ्यात घट्ट बसवलेला पावसात अडकून बसणार, हे घरोघरी सगळ्यांनी बघितलेलं आहे, फक्त कारण माहीत नसतं. म्हणून १५ ऑगस्ट हा आमचा धार लावायचा दिवस. रंध्याची पाती काढायची, पटाश्या काढायच्या, पावसानं चढलेला गंज घासायचा, दगडावर पाणी टाकून एकेक पातं घासत बसायचं, तेलाचा हात फिरवायचा. आणि धार लावताना माणूस बोलतो. स्वातंत्र्य, देश, आपण काय करतो, पोरं काय करणार, सगळं त्या दगडाभोवती बसून बोलून झालंय. त्या दिवसासाठी उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून टेबलावरच्या झेंड्याचे छोटे स्टँड करायचो. एकदा आमच्यातल्या एका पोरानं पाटाला तिरंगा रंगवायचं काढलं होतं, काकांनी जागेवर थांबवलं, पाटावर माणूस बसतो बाबा, त्यावर झेंडा नको. बरोबरच होतं ते, राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात उशीवर, रुमालावर सुद्धा झेंडा चालत नाही.

हे असं बरं चाललेलं. मग २०१९ आलं.

त्या ऑगस्टचं मी तुम्हाला काय सांगणार, तुमच्यातल्या कितीतरी शाळांमध्ये तेव्हा पूरग्रस्त राहत होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. त्या वर्षी १५ ऑगस्ट गुरुवारी होता आणि त्याच दिवशी राखी पौर्णिमा होती. पाणी उतरलेलं पण गल्ल्यांमध्ये चिखल तसाच, शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमच्या बँकवाल्या मित्राच्या मावशीचं घर आहे, तिथं आम्ही चिखल काढायला म्हणून गेलो. अवजारांची पेटी घ्यायचं आमच्या डोक्यातही नव्हतं.

घरात गेल्यावर जे बघितलं ते डोळ्यासमोरून जात नाही. लग्नात घेतलेला पार्टिकल बोर्डचा बेड आणि कपाट, चहात बुडवलेला टोस्ट जसा हातात येतो तसा हातात येत होता. भुसा आणि गोंद दाबून केलेली वस्तू ती, पाण्यात आठ दिवस राहिली की तिचा परत भुसाच होतो. स्वस्तातल्या प्लायचे पापुद्रे सुटलेले. आणि त्याच खोलीत मावशींच्या सासऱ्यांच्या वेळची सागवानी दारं, शिसवी पाट, देव्हारा, हे सगळं फुगलेलं, चिखलानं माखलेलं, पण उभं होतं. गल्लीत लोकांनी दारं उतरवून ऊन पडलं की उन्हात उभी केलेली, वाटणारच ना माणसाला की ओलं आहे तर उन्हात वाळवूया. तेवढ्यात गंगावेशीकडचे एक म्हातारे सुतारमामा तिथं आले, ते ओरडलेच, म्हणाले अरे उन्हातनं आत घ्या आधी, उन्हात वरचं वाळतंय आणि आतलं ओलंच राहतंय, तडकणार ते. सावलीत घ्या, वारं लागेल असं आडवं ठेवा, मधे पट्ट्या घाला, आणि विसरून जावा दीड महिना. ते एकटे होते आणि दारं शंभर. मग आमच्यातले दोघं मोटारसायकलवरून शेडवर जाऊन अवजारं घेऊन आले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही मामांच्या हाताखाली १४ दारं उतरवली, बिजागऱ्यातला चिखल धुतला, स्क्रू कुठल्या दाराचे ते पिशवीत घालून दाराला बांधले आणि दारं पट्ट्या घालून रचली. एका घरातल्या आजींनी आम्हाला सगळ्यांना राखी बांधली, चिखलाच्या हातालाच.

तेव्हापासून १५ ऑगस्टला नुसतं शेडमध्ये बसून धार लावत बसावं असं आम्हाला वाटेना झालं. राष्ट्रीय सुट्ट्या वर्षात तीनच, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. त्या दिवशी देशानं आपल्याला एक अख्खा दिवस दिलेला असतो. तो कुठं लावायचा, हा प्रश्न आम्ही दोनतीन वर्षं एकमेकांना विचारत होतो. मोडक्या बेंचांची खोली आम्हाला अशी सापडली की ताईंची मुलगी ज्या शाळेत आहे तिथं वर्गात तिघींच्या बेंचवर चौघी बसायच्या, आणि मागच्या खोलीत बेंच छताला लागलेले.

गेल्या वर्षी करवीर तालुक्यातल्या एका शाळेनं आम्हाला परवानगी दिली. खोली उघडली तर ४३ बेंच. दोन प्रकारचे होते. नवीन म्हणजे चौकोनी लोखंडी पाईपचा सांगाडा आणि वर बोर्डाची फळी, सनमायका लावलेली. ह्यांचं दुखणं एकच, फरशी पुसताना, पाण्याची बाटली सांडताना कडेनं पाणी आत जातं, बोर्ड फुगतो, स्क्रूची पकड सुटते, मग मुलं बसताना फळी उचलली जाते आणि एक दिवस निघून येते. सांगाडा ठणठणीत. त्याला १९ मिलिमीटरची चांगली प्लाय लावायची, कडा सगळ्या बाजूंनी बंद करायच्या, आणि स्क्रूच्या ऐवजी आरपार नट-बोल्ट, झाला बेंच. पैसे लागतात ते प्लायचे, आणि कापायला मशीन लागतं म्हणून ते आम्ही शेडवरून मापानं कापून आणतो.

जुने बेंच मात्र बघण्यासारखे. सागाची फळी, पाय बहुतेक बाभळीचे किंवा ऐनाचे, एकही खिळा नाही, डेस्कला उजव्या हाताला दौत ठेवायचं गोल भोक. ते भोक कशाला आहे हे एकाही मुलाला माहीत नव्हतं, काकांनी बोरू आणि टाक सांगितल्यावर पोरं त्यात बोट घालून बघायला लागली. ह्या बेंचांचं लाकूड अजून पन्नास वर्षं जाईल. सैल झालेत ते फक्त सांधे. आडव्या पट्टीच्या टोकाला जी जीभ काढलेली असते तिला कुसू म्हणतात, तो पायातल्या खाचेत बसतो आणि वरून एक लाकडी मेख मारून तो अडकवलेला असतो. वर्षानुवर्षं मुलं मागं रेलतात, पुढं रेलतात, कुसू खाचेत हलून हलून झिजतो, मेख तुटते, बेंच डुलायला लागतो, कुणीतरी त्यात खिळा ठोकतो, खिळ्यानं लाकूड फाटतं, आणि मग तो मागच्या खोलीत जातो. खिळा ठोकायच्या आधी कुणी बघितला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं.

एका बेंचचं नीट सांगतो. सातवीतली एक मुलगी सकाळपासून कडेला उभी राहून बघत होती. पुरात भेटलेल्या त्या सुतारमामांनी तिला हाक मारली, ये बाळ, धर हे. तिच्या हातात कुसूवाली पट्टी दिली. आधी त्यावरचा जुना सुकलेला सरस तिनं पटाशीच्या पाठीनं खरवडून काढला, जुन्या सरसावर नवीन चिकटत नाही हे मामांनी सांगितलं. झिजलेल्या कुसूच्या दोन्ही अंगाला आम्ही सागाच्या पातळ कपट्या चिकटवल्या, क्लॅम्पमध्ये दाबून ठेवल्या, आणि तास-दीड तासानं तो कुसू खाचेपेक्षा किंचित जाड झालेला होता. आता तो किती आणि कुठं घासायचा. मामांनी तिला पेन्सिल दिली, म्हणाले खाचेच्या आत सगळीकडनं काळं कर. मग कुसू आत दाबायचा, बाहेर काढायचा, आणि कुसूवर जिथं काळं लागलंय तिथंच फक्त घासायचं, बाकी हात लावायचा नाही. तिनं असं सात वेळा केलं. मी मोजत होतो. सातव्या वेळी अर्ध्याच्या वर आत गेला. मग फेव्हिकॉल लावून मामांनी तिच्या हातात लाकडी मोगरी दिली आणि सांगितलं हळू मार आणि कान दे. टोक, टोक, टोक, पोकळ आवाज येत होता, आणि मग एकदम एक भरीव, बसका आवाज आला. मामा काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मामा, आवाज बदलला."

कुसू बुडाला टेकला की आवाज बदलतो. हे मला कळायला चार वर्षं लागलेली.

दोन वाजेपर्यंत आमचे ११ बेंच झाले. ४३ पैकी ११, जास्त नाहीत, मला मान्य आहे. पण ती मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी दुसऱ्या दिवशी त्याच बेंचवर बसल्या, आणि त्यांच्या वर्गशिक्षिका नंतर सांगत होत्या की त्या बेंचला कुणी करकटकानं टोकरायला लागलं की ह्या चौघी उठून उभ्या राहतात. सार्वजनिक मालमत्ता जपायचं कर्तव्य संविधानात कलम ५१अ मध्ये लिहिलेलंच आहे, आपण ते फळ्यावर लिहून पाठ करून घेतो. त्या चौघींना ते कधी पाठ करायला लागेल असं मला वाटत नाही.

थोडं माझ्या वडिलांचं सांगतो कारण ह्याचा त्याच्याशी संबंध आहे. वडील शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. कोल्हापूरच्या फाउंड्र्या सगळ्यांना माहीत आहेत पण बीड (ओतीव लोखंड) ओतायच्या आधी वाळूत जो आकार उमटवायचा तो आकार पहिल्यांदा लाकडात कुणीतरी करावा लागायचा, ती माणसं म्हणजे पॅटर्न मेकर. वितळलेलं बीड गार होताना आकसतं, साधारण शंभरात एक, मीटरला १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वडिलांकडं दोन पट्ट्या होत्या, एक आपली नेहमीची आणि एक कामाची, कामाच्या पट्टीवरचा मीटर हा खऱ्या मीटरपेक्षा १० मिलिमीटर मोठा, म्हणजे दर वेळी हिशोब करायला नको. मी पाचवीत असताना गृहपाठात चुकून त्या पट्टीनं रेघा मारल्या आणि बाईंनी सगळ्या चूक दिल्या. वडिलांनी मग १५ ऑगस्टला, कारखाना बंद म्हणून ते घरात होते, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मला शेकडेवारी शिकवली. सातवीत शेकडेवारीचा धडा आला तेव्हा वर्गात माझं एकट्याचं डोकं दुखलं नाही. आता पॅटर्न कम्प्युटरवर डिझाइन करून मशीनवर कापले जातात, चांगलंच आहे, पण ह्या शहरात गणित हातातून डोक्यात जायचं आणि डोक्यातून हातात यायचं, ती वाट बुजत चाललीये ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी पहिल्यांदा काटकोन तपासायचा गुण्या हातात धरला तो आमच्या शेडमध्ये, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला.

आणि हे मी काही जगावेगळं मागत नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, त्यावर डॉ. झाकीर हुसेन यांची समिती बसली, हस्तोद्योगातून शिक्षण हाच त्याचा गाभा होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा लोकांकडं शिकायला पाठवावं. दप्तराविना दिवस आपल्याकडं आधीच एक आहे, १५ ऑगस्ट. मुलं इस्त्रीचा गणवेश घालून सातला हजर असतात, शिक्षक असतात, पालक असतात, आणि साडेनऊपर्यंत सगळे घरी. शाहू महाराजांनी १९१७ साली ह्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आपल्या शाळांची मुळं तिथपर्यंत जातात, आणि महाराजांच्या गावात सुतारकाम शिकणं म्हणजे अभ्यासात कमी पडणाऱ्यानं करायची गोष्ट असं जे आज पालकांच्या तोंडून ऐकायला मिळतं ते ऐकवत नाही.

आता तुमच्या अडचणी. गेल्या वर्षभरात मी दहाबारा शाळांत जाऊन बोललोय त्यामुळं त्या मला माहीत आहेत.

पहिली म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, शाळेच्या सामानाची नोंदवही. मोडका असला तरी बेंच रजिस्टरवर आहे, निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून अधिकृतपणे नाव कमी, झाल्याशिवाय हलवता येत नाही, म्हणून तो तसाच पडून राहतो. पण आम्ही तो हलवत नाही, विकत नाही, शाळेच्या आवारातच दुरुस्त करून वर्गात ठेवतो, म्हणजे रजिस्टरवरची नोंद खरी होते. समितीच्या मीटिंगमध्ये एक ठराव घ्या, दुरुस्तीचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, आणि माझा अनुभव असा आहे की मोडक्या बेंचनं मुलीचा गणवेश फाटलेला असतो त्या आईला हा ठराव समजावून सांगायला लागत नाही. एका शाळेत मला सांगितलं पुढच्या वर्षी बघू, आणि दिवाळीच्या सुट्टीत ते सगळे जुने सागवानी बेंच भंगारवाल्याच्या टेम्पोत किलोवर गेले. मी ते टेम्पोत चढताना बघितलेत, रात्री जेवण गेलं नाही.

दुसरी, मुलांना लागेल. ही काळजी शंभर टक्के रास्त आहे. विजेवर चालणारं एकही मशीन आम्ही शाळेत आणत नाही, ग्राइंडर नाही, कटर नाही. पाचवीच्या खालच्या मुलांना फक्त पॉलिश पेपर आणि तेलपाणी. पटाशी धरायची तर काम क्लॅम्पमध्ये पक्कं आणि दोन्ही हात पात्याच्या मागं, एका मोठ्या माणसाकडं दोनच मुलं. गॉगल, मास्क आम्ही देतो, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, ती हौशी माणसं हलक्यात घेतात, आम्ही पण पूर्वी घ्यायचो. आणि एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही, जुन्या बेंचांना जो ऑइलपेंट मारलेला असतो त्यात शिसं असू शकतं. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ च्या शेवटापासून. त्याच्या आधीचा रंग मुलांनी कोरडा घासायचा नाही म्हणजे नाही. तसे बेंच आम्ही मोठी माणसं बाहेर, ओले करून खरवडणार, आणि तो रंग गोळा करून पिशवीत बांधून ठेवणार.

तिसरी अडचण तुम्ही कुणी बोलून दाखवली नाही, आमच्या आम्हालाच टोचली. आम्ही हौशी माणसं फुकट काम करायला लागलो तर ज्याचं पोट ह्यावर आहे त्या सुताराचं काय. ह्यावर आमच्यात भांडणं झालीत, खरीखुरी. मला १५ ऑगस्टला भरपगारी सुट्टी आहे. मामांना नाही. हजेरीवरच्या माणसाला सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, त्याच्यासाठी राष्ट्रीय सुट्टी हा बिनपैशाचा दिवस असतो, आणि हे मला इतकी वर्षं कधी सुचलं नव्हतं, त्या धार लावायच्या गप्पांत सुद्धा. म्हणून आम्ही ठरवलंय की प्रत्येक शाळेत एक कसबी सुतार प्रमुख म्हणून असणार, त्याची त्या दिवसाची पूर्ण हजेरी आम्ही वर्गणी काढून देणार, आणि मुलांना शिकवणारा गुरुजी तो असणार, आम्ही त्याच्या हाताखाली. गेल्या वर्षी मामांना झेंड्याच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी पुढच्या खुर्चीवर बसवलं, मुलांना सांगितलं आज हे तुमचे सर आहेत. मामा त्या खुर्चीवर टेकूनही बसले नाहीत, ताठ बसून होते सगळा वेळ. ज्या कामाला अख्खा सांगाडा नवीन लागणार आहे किंवा शाळेकडं दुरुस्तीचा निधी आहे ते काम आम्ही घेत नाही, ते गावातल्या सुतारालाच द्या. आम्ही फक्त तेच बेंच घेणार ज्यांना कुणी हात लावणार नव्हतं.

१५ ऑगस्टच का, पावसात का, असं विचाराल. खरंय, चिकटवायच्या कामाला २६ जानेवारी कधीही चांगली, हवा कोरडी, फेव्हिकॉल लवकर धरतो, सांधे खऱ्या मापात बसतात. आमचं म्हणणं असं की दोन्ही दिवस धरा. १५ ऑगस्टला खोली उघडायची, बेंच बाहेर काढून वेगवेगळे करायचे, कुठला कशानं मोडलाय ते मुलांनीच वहीत लिहायचं, खिळे काढायचे, लोखंडी सांगाड्यांना फळ्या लावायच्या, जुन्यांतले सोपे करून टाकायचे. बाकीचे सुटे करून वाऱ्याला रचून ठेवायचे आणि २६ जानेवारीला जोडायचे. मधल्या काळात २ ऑक्टोबर आहेच, तेव्हा झाडझूड.

आमच्याकडं माणसं कमी आहेत, एका १५ ऑगस्टला आम्ही तीन शाळांपेक्षा जास्त शाळा घेऊ शकत नाही, आणि हे पत्र खुलं लिहिण्याचं कारण तेच आहे. ह्या शहरात, गावागावांत रंधा बाळगून असलेली हौशी माणसं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या गच्चीवर चाललेलं असतं. तुमच्याच शाळेच्या पालकांत दोनतीन निघतील, एकदा पालकसभेत विचारून बघा. उद्यमनगरात, टिंबर मार्केटात, वखारीत ओळख काढा, उरलेले तुकडे आनंदानं देतात लोक, आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे. समितीचा ठराव, पालकांची लेखी संमती, एक शिक्षक दोनपर्यंत थांबणारे, पाण्याचा नळ आणि पाऊस लागणार नाही असा व्हरांडा. जिलेबी आम्ही आणू, मामांच्या ओळखीचा स्टॉल आहे. त्यांनी मेखा पण करायला घेतल्यात, वाळलेल्या बाभळीच्या, परवा गेलो तर डालडाच्या जुन्या डब्यात शंभरच्या वर होत्या आणि म्हणत होते की गेल्या वेळी कमी पडल्या.

आणि त्या खोलीची चावी कुणाकडं असते ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. गेल्या वर्षी ती शोधण्यात पाऊण तास गेला, तेवढ्यात अजून एक बेंच झाला असता.

आपला,
राजारामपुरीतला एक हौशी सुतार
आणि शेडवरची सगळी मंडळी
कोल्हापूर